साहेब नसलेली कामाची जागा

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत हृदयविकाराचा धोका कुणाला जास्त असेल? फायलींच्या ढिगाऱ्यात बसलेल्या सचिवाला, की त्याच्या दाराबाहेरच्या शिपायाला? आपण पटकन सचिवाचं नाव घेऊ. टेन्शन त्यालाच ना!

साथरोगतज्ज्ञ मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आकडेवारीत नेमकं उलटं चित्र दिसलं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचारी होते. त्यांच्यात कुणी उपाशी नव्हतं, कुणी खाणीत उतरत नव्हतं आणि सरकारी दवाखाना सगळ्यांना सारखाच खुला होता. तरीही चाळीस ते चौसष्ट वयोगटात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या लोकांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. सिगारेट आणि रक्तदाब हिशेबात धरले, तरी फरक पुरता मिटेना. मग १९८५ मध्ये दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात एक कारण ठळकपणे पुढे आलं, ते म्हणजे आपल्या कामावर आपला ताबा किती. काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, कधी थांबायचं हे ठरवायची मुभा ज्याला कमी, त्याच्या हृदयाला धोका जास्त.

कामातल्या सुखाचा माग काढताना हे निष्कर्ष हाताशी ठेवायचे आणि थेट गडचिरोलीच्या जंगलात शिरायचं. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. शंभराच्या आसपास घरं आणि पाचशेच्या आतबाहेर माणसं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क ग्रामसभेच्या हाती आला.

हक्काचा कागद आला, पण बांबू जंगलाबाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना मिळेना. बांबू हे लाकूड आहे, असं वनखात्याचं म्हणणं. वनस्पतिशास्त्राच्या लेखी बांबू म्हणजे गवत आणि वनहक्क कायद्याच्या लेखी ते गौण वनोपज. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत गावाला परवान्याचं पुस्तक मिळालं. त्या दिवसापासून मेंढ्यातला बांबू कामगार स्वतःचाच मालक झाला.

मालक झाल्याने काम हलकं झालं का? मुळीच नाही. उन्हाळ्यातली बांबूतोड म्हणजे घामाचं, ओरखड्यांचं, पाठ मोडणारं काम. बदल झाला तो बांबूच्या बेटात नेमका कुठे कोयता घालायचा, या निर्णयात.

इथे बांबूची एक गंमत समजून घ्यायला हवी. इथल्या मानवेल बांबूचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून निघतो आणि त्याच हंगामात आपली पूर्ण उंची गाठतो. पुढे तो ना उंच होतो, ना जाड. पुढची दोन-तीन वर्षं तो फक्त आतून पक्का होत जातो. नवे कोंब साधारणपणे बेटाच्या कडेने फुटतात आणि जुने, पक्के बांबू मधल्या गर्दीत अडकलेले असतात. म्हणजे तोडायला सोपा तो कडेचा कोवळा बांबू आणि तोडायला योग्य तो आतला अवघड. ज्याला फक्त बंडलांच्या संख्येवर पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी हे बेट कुणाचं हे ठाऊक नसतं, त्याचा हात कडेलाच जाणार. यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही, व्यवस्थाच त्याला तिकडे ढकलते. उत्तर कन्नडच्या जंगलात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी असाच प्रकार टिपला होता. कागद गिरणीसाठी तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाचं काटेरी कुंपण साफ केलं जाई आणि मग कोवळे कोंब गुराढोरांच्या तोंडी पडत. जंगल ज्याचं नाही, त्याला कोंबाची फिकीर करायला सवड कुठून असणार?

पुढच्या वर्षीही याच बेटाशी यायचं आहे, हे ठाऊक असलेला माणूस आत शिरतो. तिथे त्याचं कसब लागतं. आणि कसब वापरायला मिळणं हा सुखाचा मोठा झरा आहे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर याचाच शोध घेतला. माणसाला कामात रमण्यासाठी तीन गोष्टी लागतात, असं त्यांचं सांगणं. आपलं आपण ठरवण्याची मोकळीक, ‘मला हे जमतं’ ही जाणीव आणि सोबतच्या माणसांशी जिव्हाळा. या तीन गोष्टी घेऊन मेंढ्याकडे पाहिलं की थक्क व्हायला होतं. हा सिद्धांत आकाराला येत असतानाच, १९८० च्या दशकात, गावचे देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी त्याच दिशेने आपली घडी बसवत होते.

या घडीचा कणा म्हणजे सर्वसहमती. ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असेल, तर विषय पुढे ढकलला जातो आणि पुन्हा बोलला जातो. वेळ लागतो, पण ‘माझ्यावर लादलं’ असं म्हणणारा कुणी मागे उरत नाही. दुसरा भाग म्हणजे अभ्यासगट. इथे फक्त समजून घ्यायचं, वाद घालायचा आणि प्रश्न विचारायचे. निर्णय अभ्यासगटाने घ्यायचा नाही, तो ग्रामसभेचा. अशाच अभ्यासातून मध काढण्याची पद्धत बदलली. पोळं जाळून मध काढण्याऐवजी मधाचा भाग तेवढा कापून घ्यायचा आणि माश्यांची पिल्लं राखायची. मोठमोठ्या कंपन्या ‘प्रशिक्षण’ नावाखाली जे करू पाहतात, ते इथे कुतूहलातून घडलं.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव तर आणखी एक पाऊल पुढे गेलं. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपानं म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण त्यासाठी झाडं छाटली जातात, वणवे लावले जातात. हे पाहून ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. हातचं उत्पन्न सोडण्याचा असा निर्णय वरून आला असता तर मोर्चे निघाले असते. तो स्वतः घेतलेला होता, म्हणून पाळला गेला.

या व्यवस्थेत सगळं गोड आहे असं नाही. बांबूचा भाव बाजार ठरवतो, काम हंगामी असतं आणि चंद्रपूरच्या जंगलात वाघाची भीती रोजची आहे. मालकी मिळाली म्हणून ऊन कमी होत नाही. मजुरीही रास्त आणि वेळेवरच मिळायला हवी, कारण रिकाम्या पोटी कुणी स्वायत्ततेची चव घेत नाही. पण पोटापुरती मजुरी मिळाल्यानंतर काय, या प्रश्नाला या जंगलाने दिलेलं उत्तर लंडनच्या आकड्यांशी जुळतं, हे विलक्षण आहे.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत कर्मचारी खूश राहावेत म्हणून कॅरमबोर्ड येतात, वाढदिवसाचे केक कापले जातात, योगशिबिरं भरतात. ती जरूर भरवावीत. पण चार माणसांचाही कारभार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी त्याआधी एक करून पाहावं. सुट्ट्यांचं वेळापत्रक, कामाची वाटणी किंवा नव्या यंत्राची निवड, यांपैकी एक खराखुरा निर्णय ते काम करणाऱ्यांच्या हाती सोपवावा आणि नंतर तो फिरवू नये. याला पैसा लागत नाही. लागतो तो साहेबाचा थोडा धीर.