विश्लेषण : कामाचा ताण मोजायचा कसा? माणसाचा की कामाचा?

‘काही टेन्शन नाही, चालू आहे.’ नागपुरात कामाबद्दल विचारले की बहुधा हेच उत्तर मिळते. झोप किती लागते, पित्त वाढते का, घरी गेल्यावर मुलांवर आवाज चढतो का, असे विचारले की तोच माणूस थांबून बोलू लागतो. ताण मोजण्यातली पहिली अडचण ही. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. त्यामुळे बुटीबोरी, हिंगण्यातील कामगारांसाठी हा प्रश्न आता केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही.

मोबाइलवरील चाचणीतले गुण काय सांगतात?

‘तुमचा ताण तपासा’ म्हणणाऱ्या अनेक चाचण्यांच्या मुळाशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ मधील प्रश्नावली असते. तिच्या प्रचलित आवृत्तीत १० प्रश्न आहेत. गेल्या महिन्याभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखे किती वेळा वाटले, अशा धर्तीचे. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ४०. चार प्रश्न उलट अर्थाचे असल्याने त्यांचे गुण उलटे मोजतात.

अॅप मात्र २७च्या वर गुण गेले की लाल रंगात ‘तीव्र ताण’ दाखवते. मूळ कर्त्यांच्या मते ही रोगनिदानाची चाचणी नाही आणि तिला अशी ठरावीक सीमारेषाही नाही. ती मोजते ‘जाणवलेला’ ताण. तो कर्जाच्या हप्त्याचा, आजारी आईचा की साहेबाचा, हे गुणांवरून कळत नाही. मनगटावरील घड्याळाचेही तसेच. ते प्रामुख्याने हृदयाच्या ठोक्यांमधील अंतराच्या चढउतारावरून अंदाज बांधते. मे महिन्याच्या उन्हात तीन मजले चढून गेलात तरी त्याला तुम्ही त्रस्तच वाटाल.

मग कामाचा ताण वेगळा कसा काढतात?

त्यासाठी माणसाला सोडून कामाला प्रश्न विचारावे लागतात. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरात आहे : कामाची मागणी जास्त आणि ते कसे, कधी करायचे यावरचा ताबा कमी, हे मिश्रण सर्वांत घातक. मागणी जास्त पण ताबाही जास्त असेल, तर तेच काम माणसाला घडवूही शकते.

ब्रिटनमधील सरकारी नोकरांवरील ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी याला मोठा आधार दिला. साहेबांनाच हृदयविकार होतो, हा समज त्यांनी मोडला. शिपाई, द्वारपाल अशा सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तुलनेत तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब केल्यावरही हा फरक पूर्ण भरून निघाला नाही. १९८५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात कामावरील ताबा हे त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणून पुढे आले.

भारतात ए. के. श्रीवास्तव आणि ए. पी. सिंग यांची ४६ विधानांची प्रश्नावली १९८०च्या दशकापासून वापरली जाते. तिच्या १२ घटकांत कामाचा बोजा, हतबलता यांबरोबर गटबाजी आणि राजकीय दबाव हाही एक घटक आहे. आपल्याकडच्या कार्यालयांची ओळख असल्याशिवाय हे सुचणार नाही!

लोको पायलट कोणत्या प्रश्नावलीत बसतात?

मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींचे विभाग नागपुरात आहेत. मालगाडीच्या चालकाला घड्याळी वेळापत्रक नसते. ‘कॉल’ आला की लॉबीत हजर व्हायचे. तिथे श्वासाची तपासणी होते, मद्य घेतले आहे का ते कळते. इंजिनातील सतर्कता यंत्र मिनिटभर काही हालचाल झाली नाही की इशारा देते, म्हणजे चालक जागा आहे का तेही कळते. भरतीवेळी मानसशास्त्रीय चाचणी झालेलीच असते. एवढी मोजमापे झाली तरी चार रात्रींनंतर हा माणूस किती शिणला आहे, हे यांपैकी एकही सांगत नाही.

कारासेक यांच्या सूत्रात हे काम नेमके बसते : प्रत्येक सिग्नलला चूक चालत नाही आणि वेळेवर ताबा शून्य. म्हणूनच लोको पायलट संघटनांच्या मागण्या समुपदेशनाच्या कमी आणि तासांच्या जास्त आहेत. मुख्यालयातील १६ तासांच्या विश्रांतीला जोडून आठवड्याची ३० तासांची सुटी, म्हणजे सलग ४६ तास. आणि सलग दोनच रात्रपाळ्या. अनेक इंजिनांत अजून स्वच्छतागृह नाही. ‘लघवीला जायला मिळते का?’ हा प्रश्न या प्रसिद्ध प्रश्नावल्यांत सापडत नाही. महिला चालकांना विचारा, तो पहिला असायला हवा.

उत्तरे खरी मिळतात का?

प्रश्नावलीवर कर्मचारी क्रमांक लिहायचा असेल आणि ती मनुष्यबळ विभागाकडे जाणार असेल, तर कंत्राटी कामगार ‘सर्व छान’ असेच लिहील. दुसरी गोम अशी की ज्यांना ताण असह्य झाला ते नोकरी सोडून गेलेले असतात. सर्वेक्षण उरलेल्यांचे होते आणि सरासरी बरी दिसते. त्यामुळे जाणकार गुणांबरोबर गैरहजेरी, राजीनामे, किरकोळ अपघात आणि प्रत्यक्ष तासही पाहतात. तासांचा आकडा तर लपवायलाही कठीण. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ मधील अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो.

कंपनीत असा अर्ज भरायला आला, तर उत्तरे कोण पाहणार, नाव गुप्त राहणार का आणि निकाल विभागनिहाय सर्वांना दाखवणार का, हे आधी विचारता येते. झोप उडाली असेल किंवा मन फार खचले असेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.