भासांची खोली

कोणी नसताना आवाज ऐकू येतो, नसलेली वस्तू दिसते, त्याला भास म्हणतात. ज्याला होतो त्याला तो खराच वाटतो. हे इतरांना कसे कळावे? जपानच्या चित्रकर्त्या यायोई कुसामा यांनी ते दाखवून दिले.

त्यांचा जन्म १९२९ साली मात्सुमोतो येथे, रोपे व बियाणे विकणाऱ्या घरात झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना भास होऊ लागले. टेबलावरच्या कापडाची लाल फुले भिंतीवर, छतावर, स्वतःच्या अंगावरही पसरलेली दिसत. ते सारे त्या कागदावर उतरवीत.

१९६५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आरशांची खोली उभारली. आत लाल ठिपक्यांच्या कापडी वस्तू. आरशांत त्यांना अंतच राहत नाही आणि आत उभ्या माणसाला आपण कुठे संपतो तेच कळेनासे होते.

१९७७ पासून त्या स्वेच्छेने टोकियोच्या मनोरुग्णालयात राहू लागल्या. तेथून जवळच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी काम चालूच ठेवले.

वाचकहो, आपल्या वस्तीत अशा माणसाला बाहेरची बाधा ठरवून भगताकडे नेतात. आमचे सांगणे एवढेच, त्याला हसू नका, मारू नका. सरकारी रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. १४४१६ वर फोन केल्यास मोफत सल्लाही मिळतो.