आठ-दहाच्या आधी की आठला दहा कमी?

आमचा भाचा नोकरीसाठी जपानला गेला. इंग्रजी उत्तम, जपानी जेमतेम. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी बैठकीची वेळ सांगितली, "हाचिजि जुप्पुन माए." हाचिजि म्हणजे आठ वाजता, जुप्पुन म्हणजे दहा मिनिटे, माए म्हणजे आधी. भाच्याने मनात इंग्रजी अर्थ लावला, 'आठ-दहाच्या आधी'. तो ८.०५ ला पोहोचला. बैठक ७.५० ला सुरू झाली होती.

रात्री फोनवर रडवेला होऊन म्हणाला, "मामू, वेळेआधी गेलो, तरी सगळ्यांसमोर खोटा पडलो."

आम्ही त्याला विचारले, "बेटा, इंग्रजीतून कशाला गेलास?" इंग्रजीत मिनिटे आधी, तास नंतर, 'टेन टू एट'. जपानीत तास आधी. आपणही 'आठला दहा कमी' म्हणतो, उर्दूत 'आठ बजने में दस मिनट'. क्रम तोच! अर्थात, हे वाक्य ऐकून जपानमधली तरुण मुलेही कधीकधी फसतात.

बाकीचेही असेच. इंग्रजीत 'पी.एम.' शेवटी येते. जपानी 'गोगो सान्जि' म्हणजे सरळ आपले 'दुपारी तीन'. 'हान' म्हणजे अर्धा, म्हणून 'हाचिजि हान' झाले साडेआठ. सव्वा, पावणे यांना मात्र वेगळे शब्द नाहीत; पंधरा, पंचेचाळीस मिनिटे असेच सांगतात. आणि 'सान्जि' म्हणजे तीन वाजता, पण 'सान्जिकान' म्हणजे तीन तास. इथे कान उघडे ठेवावेत.

तिकडे रात्री उशिराच्या टीव्ही कार्यक्रमांची वेळ '२५ वाजता' अशीही लिहितात. म्हणजे मध्यरात्रीनंतरचा एक. तारीख उलटली तरी रात्र आदल्या दिवसाचीच धरतात. इंग्रजी पद्धतीने शिकलेला गोंधळतो. आपल्याला नवल वाटू नये. आपल्या घरात जुमेरातची मगरिब झाली की जुम्माची रात्र सुरू होते. दिवस कुठे बदलतो, हे प्रत्येक समाजाने आपापले ठरवलेले असते.

नमाज ठरलेल्या वक्तावर फर्ज आहे, आणि दिलेली वेळ हाही वादाच. तो नियत साफ असूनही मोडू शकतो. म्हणून परक्या भाषेत वेळ ऐकली की लाज न बाळगता आकड्यांत पुन्हा विचारावे, "७.५० ना?" भाचा आता तसेच करतो. साहेब हसतात, पण मान डोलावतात.