टीएमएस : खरी कॉइल, खोटी कॉइल

डोक्याला चुंबक लावून नैराश्य बरं होतं का हो, असं आम्हाला व्याख्यानानंतर हमखास विचारलं जातं. संशोधकांनी याचं उत्तर कसं शोधलं, ते आज पाहू.

आधी यंत्र. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर जोरदार वीज सोडली की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीतून आरपार जाऊन मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण करतं. तत्त्व फॅरडेचं, १८३१ सालचं. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी कॉइल माणसाच्या डोक्यावर धरली आणि त्याच्या हाताचे स्नायू हलले!

नैराश्यासाठी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागावर धरतात. हा 'शॉक' नव्हे. भूल देत नाहीत, रुग्ण जागाच असतो.

आता खरी अडचण. रुग्ण आठवड्यातले पाच दिवस, असे कित्येक आठवडे येतो. कुणीतरी रोज आपुलकीनं विचारपूस करतं. तेवढ्यानंही बरं वाटू शकतं. मग गुण चुंबकाचा की आशेचा? औषधाच्या चाचणीत नुसती साखरेची गोळी देता येते. इथे तसं सोपं नाही, कारण खरी कॉइल टकटक वाजते आणि टाळूला टोचते.

२००७ साली ३०१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्या मुख्य मोजपट्टीवरचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. तरी २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, एक औषध लागू न पडलेल्या रुग्णांसाठी, यंत्राला मान्यता दिली. साहजिकच शंका उरल्या.

अमेरिकेत सरकारी निधीतून आणखी एक चाचणी झाली. खोट्या कॉइलसोबत टाळूला इलेक्ट्रोड लावून तसंच टोचणं निर्माण केलं. निकाल २०१० मध्ये आला. १९० रुग्णांत, खऱ्या कॉइलनं नैराश्य जवळपास पूर्ण ओसरलेले शंभरात १४, खोटीनं ५.

म्हणजे चुंबकाचा गुण खरा आहे, पण जादू नाही. त्या टप्प्यात शंभरातल्या ८६ जणांचं नैराश्य पुरतं ओसरलं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

म्हणून कुणी 'हमखास गुण' म्हणालं, तर विचारा : शंभरात किती, आणि कशाच्या तुलनेत? डोक्यात धातूचं काही बसवलेलं असेल किंवा कधी फिट आली असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि चालू औषधं परस्पर बंद करू नका.