'क्रीम दामूर' : कचेरीतील सत्ता आणि रहस्यकथेचा घाट

रहस्यकथेत वाचकाचे कुतूहल सामान्यतः एकाच प्रश्नाभोवती खिळलेले असते : खून कोणी केला? हा प्रश्न लेखकाने मध्यावरच निकालात काढला, तर पुढे उरते काय? आलँ कोर्नो या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'क्रीम दामूर' (२०१०) हा चित्रपट या प्रश्नाचे विचारणीय उत्तर देतो. ताबुक्कीच्या कादंबरीवरून मुंबई, मद्रास व गोवा असा प्रवास चित्रित करणारा 'नोक्त्यूर्न अँद्यँ' (१९८९) याच दिग्दर्शकाचा. 'क्रीम दामूर' ही त्याची अखेरची कृती. ती फ्रान्समध्ये प्रदर्शित झाली त्याच महिन्यात त्याचे निधन झाले.

कथावस्तू वरवर साधी आहे. एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या पॅरिसमधील कचेरीत क्रिस्तीन ही वरिष्ठ अधिकारी, तर इझाबेल ही तिच्या हाताखालची बुद्धिमान तरुणी. इझाबेलच्या कल्पनांचे श्रेय क्रिस्तीन स्वतःकडे घेते. आणि इझाबेल स्वतंत्रपणे यश मिळवू लागताच सर्वांसमक्ष तिची मानहानी करते. इझाबेल तिचा खून करते. प्रेक्षक हे पाहतो. पण इझाबेल स्वतःविरुद्धचा पुरावा जाणूनबुजून मागे ठेवते, गुन्हा कबूल करते आणि तुरुंगात जाते. मग तो पुरावा एकेक करून ढासळतो, कबुली औषधांच्या अमलाखाली दिलेली ठरते आणि संशय क्रिस्तीनचा प्रियकर फिलीप याच्यावर जातो.

'कोणी' या प्रश्नाची जागा येथे 'कसे' हा प्रश्न घेतो, आणि हा बदल केवळ तांत्रिक नाही. पूर्वार्धात इझाबेल कचेरीत एक धडा शिकते : काम कोणी केले याला महत्त्व नाही, ते कोणाच्या नावावर नोंदले गेले यालाच आहे. उत्तरार्धात हाच धडा ती न्यायव्यवस्थेला लागू करते. तिचा गुन्हा म्हणजे तिच्या नोकरीचाच पुढचा अध्याय होय. तीच शिस्त, तीच टापटीप, तीच पूर्वतयारी. चित्रपटाच्या दोन भागांना जोडणारा सांधा तो हाच.

हे स्त्रियांच्या उपजत मत्सराचे चित्र आहे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु कोर्नोने संघर्षाचे मूळ स्वभावात न ठेवता रचनेत ठेवले आहे. बढती देणारे वा नाकारणारे अमेरिकी वरिष्ठ दूर आहेत. त्यांच्या मर्जीची एकच पायरी दोघींसमोर आहे. आमेली नोतोंब हिच्या कादंबरीवर त्याने २००३ साली केलेल्या चित्रपटातही जपानी कंपनीतील दोन स्त्रियांचे नाते अधिकारक्रमच विषारी करतो. तेथील नायिका मात्र राजीनामा देऊन सुटते.

ब्रायन डी पाल्मा याने २०१२ साली 'पॅशन' या नावाने याच कथेची पुनर्निर्मिती केली. त्याने खुनी कोण हे झाकून ठेवले आणि स्वप्न व वास्तव यांची सरमिसळ केली. त्यामुळे चमत्कृती वाढली. परंतु इझाबेलच्या थंड हिशेबाला साक्षी राहण्याची जी अस्वस्थता प्रेक्षकाच्या वाट्याला आली होती, ती मात्र हरपली.

अखेरीस इझाबेल क्रिस्तीनच्या जागी पोहोचते. परंतु तिचे गुपित तिचा सहायक दानिएल याला उमगलेले असते. निर्दोष सुटलेली ही स्त्री आपल्याच कनिष्ठाच्या मुठीत सापडते. माणसे बदलली, पायऱ्या तशाच राहिल्या. शिक्षा न्यायालयाने दिली नाही. ती कचेरीनेच दिली.