तक्ता बदलला, ताप तसाच



नर्सने औषधपाण्यावर लिहावे, मोटारीच्या इंजिनावर कशाला, असे काही जण म्हणतील. पण या प्रकरणात माझे ९०० शेकेल गेले, तेव्हा लिहिण्याचा हक्क मी रोख पैसे मोजून घेतलेला आहे.

एका जुन्या मैत्रिणीला मी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला घेऊन जाते. गाडी तेरा वर्षांची. एके सकाळी चढावर गाडी आचके देऊ लागली आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. मैत्रीण म्हणाली, "अगं, मला पोचव बाई, माझी मशीन वाट बघत्येय."

तिला पोचवून मी तशीच मूसाखात गेले. तिथल्या माणसाने स्टिअरिंगच्या खालच्या खाचेत एक यंत्र खुपसले, बटणे दाबली, आणि दिवा गेला! मला म्हणाला, "सावता, कॉम्प्युटर नव्याने प्रोग्राम केला. यिहये बेसेदेर." पाच मिनिटांचे काम, ९०० शेकेल. चौथ्या दिवशी त्याच चढावर तेच आचके आणि तोच दिवा.

मग नातवाने मला दुसऱ्या मेकॅनिककडे नेले. त्या भल्या माणसाने आधी समजावून सांगितले, हात नंतर लावला. त्याच्याकडून जे कळले ते सांगते.

गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. किती हवा आत आली, इंजिन किती तापले, धुरात ऑक्सिजन किती उरला, अशा खबरा त्याला क्षणोक्षणी मिळतात, आणि कुठल्या सिलिंडरात किती पेट्रोल सोडायचे, ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. त्याच्या पोटात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे कारखान्यात भरलेला प्रोग्राम: अमुक झाले तर तमुक करा. दुसरी म्हणजे त्याने स्वतः केलेल्या नोंदी. कुठे बिघाड दिसला, त्या वेळी इंजिन किती गरम होते, शिवाय या गाडीला पेट्रोल जरा जास्त लागते की कमी, असे अनुभवाने शिकलेले बारीकसारीक हिशेब.

मुलांनो, वॉर्डात पेशंटच्या खाटेला तापाचा तक्ता लटकवलेला असे. आणि डॉक्टरांच्या ऑर्डरी वेगळ्या कागदावर असत, कुठले औषध, किती वाजता. आता समजा, मी भरलेला तक्ता काढून कोरा लावला. पेशंटचा ताप उतरला का? नाही ना! फक्त कागद स्वच्छ झाला. याला रिसेट म्हणतात. आणि डॉक्टरांनी येऊन ऑर्डरच बदलली, तर ते रिप्रोग्रामिंग. पण पेशंटचा पायच मोडलेला असेल तर गोळ्यांची ऑर्डर बदलून तरी काय होणार? प्लास्टरच घालावे लागेल.

माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते. मेकॅनिकने यंत्र लावले तेव्हा पी०३०३ असा कोड आला. अर्थ असा की तिसऱ्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. हे कॉम्प्युटरला कसे कळते, ते ऐकून मला मोठी मौज वाटली. प्रत्येक सिलिंडर पेटला की इंजिनाच्या दांड्याला एक ढकल मिळते. एखादा पेटला नाही, तर दांडा किंचित मंदावतो. मनगटावर बोट ठेवून चुकलेला ठोका ओळखावा, तसेच ते.

मग त्याने तिसऱ्या सिलिंडरवरची इग्निशन कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. नोंदी पुसल्या आणि म्हणाला, चला एक चक्कर मारून येऊ. परत आलो तेव्हा कोड होता पी०३०१, म्हणजे आजार कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरात गेला! चोर सापडला. नवी कॉइल बसवली, मजुरीसकट ३५० शेकेल. म्हणजे पाहा, रिसेट काही वाईट नाही. दुरुस्तीच्या आधी तपासायला आणि दुरुस्तीनंतर खातरी करायला ते हवेच. दुरुस्तीच्या ऐवजी केले, तर मात्र फसवणूक.

आणि धोकाही. तो दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि तो तापून आतून वितळू शकतो. त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट. ते चार दिवस दिवा नाही म्हणून मी निर्धास्त, आणि शेजारी ती बिचारी बसलेली.

आपल्यातले काही दादालोक म्हणतात, बॅटरीची तार काढून ठेवा, सगळे आपोआप ठीक होते. जुन्या गाड्यांत तार काढली की नोंदी खरोखरच पुसल्या जात. नव्यांपैकी पुष्कळांत त्या बॅटरीविना टिकतात. उलट रेडिओ कोड मागतो, खिडक्यांच्या काचा एका दाबात वर जाईनाशा होतात, आणि शिकलेले हिशेब गेले तर गाडी काही दिवस उभ्या जागी थरथरते. घाबरू नका, ती पुन्हा शिकते.

टेस्टच्या आदल्या दिवशी दिवा घालवून घेण्याची युक्तीही कानावर येते. पण रिसेट केल्यावर कॉम्प्युटर आपल्या सगळ्या तपासण्या पहिल्यापासून सुरू करतो, आणि त्या पुऱ्या व्हायला गार इंजिनापासून सुरुवात करून गावात आणि हायवेवर दोन्हीकडे गाडी चालवावी लागते. अपुऱ्या राहिलेल्या तपासण्या यंत्रावर सरळ दिसतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तेवढ्यावरूनच गाडी नापास करतात.

आता खरे रिप्रोग्रामिंग. प्रोग्रामातच खोट असेल तेव्हा ते लागते. कंपनी सुधारलेला प्रोग्राम काढते आणि मूसाखवाला तो गाडीत भरतो. १९८० च्या सुमारास यासाठी चिपच काढून बदलत. आता तारेने होते, पण काम नाजूक असते. भरणे चालू असताना बॅटरी उतरली, तर कॉम्प्युटर कायमचा मुका होऊ शकतो, म्हणून वेगळा वीजपुरवठा जोडून ठेवतात. कॉम्प्युटर नवा बसवला, तरी त्याला गाडीची आणि किल्लीची ओळख करून द्यावी लागते. (गाडी जोरात पळावी म्हणूनही काही पोरे प्रोग्राम बदलून घेतात. आमच्या नातवाने विषय काढला होता. आजी नुसती बघत राहिली, विषय संपला.)

याचे मोठे उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केले की त्यांच्या डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरला चाचणी चालू आहे हे ओळखता येते, आणि तेवढ्यापुरताच तो धूर साफ ठेवतो. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत! जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. तिथे लबाडी प्रोग्रामातच होती, नोंदी कितीही पुसल्या तरी ती तशीच राहिली असती. युरोपात २ लिटरच्या इंजिनांना नवा प्रोग्राम भरला. १.६ लिटरच्यांना त्याशिवाय हवेच्या वाटेत एक प्लास्टिकचा जाळीदार तुकडाही बसवावा लागला.

तुमच्याकडून रिप्रोग्रामिंगचे पैसे मागितले, तर एक करा. गाडीच्या प्रोग्रामला स्वतःचा क्रमांक असतो, त्याला कॅलिब्रेशन नंबर म्हणतात. तो आधी आणि नंतर यंत्रावर दाखवायला सांगा, आणि कागदावर छापून घ्या. नवा प्रोग्राम भरला असेल तर बहुधा क्रमांक बदललेला दिसेल. कोणता कोड आला होता, तेही लिहून घ्या, पुसण्याआधी.

नातवाने गेल्या वर्षीच्या तपासणीचा कागद जपून ठेवला होता. त्यावरचा नंबर आणि आजचा नंबर अगदी एक. दोन्ही कागद घेऊन मी पहिल्या मूसाखात गेले. बिल काढून पाहिले, तर त्यावर एवढेच लिहिलेले: टिपुल मखशेव. आता टिपुल म्हणजे गाडीची सर्व्हिस आणि टिपुल म्हणजे पेशंटवरचा उपचारही. मी म्हटले, "बाळ, चाळीस वर्षं टिपुल केला मी. काय केलं ते तक्त्यावर लिहावं लागायचं, आणि खाली सही." तो नंबरांकडे पाहत बसला, मग गल्ला उघडून ५०० शेकेल परत दिले. उरलेले ४०० यंत्र लावण्याचे, म्हणाला. मी बिलावर तसे लिहून घेतले, सहीसकट.