बेथोव्हनची स्कॉटिश लोकगीत-संयोजने

जर्मन संगीतकार लूटव्हिख व्हान बेथोव्हन (१७७०–१८२७) याने स्कॉटलंडमधील पारंपरिक चालींना पियानो, व्हायोलिन व चेलो यांची साथ योजून केलेल्या गीतरचना. एडिंबरो येथील संग्राहक व प्रकाशक जॉर्ज टॉमसन (१७५७–१८५१) याच्या मागणीवरून त्या तयार झाल्या. जुन्या चाली सुशिक्षित घरांतून गाइल्या जाव्यात, या हेतूने टॉमसनने १७९३ पासून आपले संग्रह प्रसिद्ध केले. त्यांसाठी रॉबर्ट बर्न्सने शंभराहून अधिक गीते दिली. साथीचे काम प्रथम प्लेयेल व कोझेलुख यांच्याकडे, नंतर हायडनकडे व १८०९ च्या सुमारास बेथोव्हनकडे आले. आयरिश, वेल्श इ. गीते धरून बेथोव्हनच्या अशा रचनांची एकूण संख्या सु. १८० भरते.

मूळ चाल कायम ठेवून पूर्ववादन, साथ व उत्तरवादन रचणे, असे या कामाचे स्वरूप होते. तथापि टॉमसन पुष्कळदा शब्दांवाचून केवळ चाली पाठवी व कवींकडून गीते मागाहून लिहवून घेई. गीताचा भाव कळल्यावाचून त्यास अनुरूप साथ देणे कठीण, म्हणून बेथोव्हन शब्दांची वारंवार मागणी करी. दुसरी अडचण चालींच्या घडणीतच होती. काही चाली पंचस्वरी असून त्यांचे स्वर भूप रागातील स्वरांशी जुळतात. तर काहींचा शेवट आधारस्वरावर होत नाही. अशा चाली यूरोपीय स्वरसंवादाच्या नियमांत सहज बसत नाहीत. बेथोव्हनने काही ठिकाणी खर्जातील स्वर अखंड धरून बॅगपाइपचा आभास निर्माण केला आहे.

एडिंबरोतील हौशी वादकांना साथ अवघड वाटते, अशी टॉमसनची तक्रार होती. १८१३ मध्ये त्याने नऊ गीतांत बदल सुचविले. पूर्ण झालेल्या रचनेत फेरफार करण्याची आपली पद्धत नाही, असे कळवून बेथोव्हनने ती नऊही गीते नव्याने रचून दिली. नेपोलियनच्या युद्धांमुळे टपाल अनिश्चित असल्याने हस्तलिखितांच्या एकाहून अधिक प्रती पाठवाव्या लागत.

यांतील पंचवीस स्कॉटिश गीतांचा संग्रह टॉमसनने १८१८ मध्ये प्रसिद्ध केला. १८२२ मध्ये बर्लिन येथे त्याची जर्मन भाषांतरासह आवृत्ती निघाली. तो रचनाक्रमांक १०८ या नावाने ओळखला जातो. त्यात बर्न्स, वॉल्टर स्कॉट, जेम्स हॉग, बायरन इत्यादींची गीते आहेत. संग्रहांचा खप मात्र बेताचाच झाला व टॉमसनला तोटा सोसावा लागला.

केवळ अर्थार्जनासाठी केलेले काम म्हणून या रचना दीर्घकाळ उपेक्षित राहिल्या. चाल लोकपरंपरेतून आलेली, साथ व्हिएन्नात रचलेली व शब्द ब्रिटनमध्ये मागाहून जोडलेले. टॉमसन व बेथोव्हन यांची तर कधी भेटही झाली नाही. त्यामुळे काही गीतांत शब्द व साथ यांचा मेळ बसत नाही. परंतु जेथे तो साधला आहे, तेथे साध्या चालीला तिचे रूप न मोडता नवी अर्थघनता लाभली आहे.